तीस किलोमीटरवरचा भोवरा

फेब्रुवारी २०१८चा शेवटचा आठवडा. त्या वर्षी ब्रिटनमध्ये शिकत असलेली एखादी ताई किंवा दादा तुमच्या ओळखीत असेल, तर त्यांच्या अकाउंटवर जरा मागे स्क्रोल करा. कंबरेएवढ्या बर्फात अडकलेल्या गाड्या आणि रिकामी सुपरमार्केट्स यांचे फोटो सापडण्याची बरीच शक्यता आहे. रोममध्ये तर २६ फेब्रुवारीला कलोसियमवर बर्फ साचला आणि शाळांना सुट्टी दिली गेली. स्कॉटलंडसाठी ब्रिटिश हवामान खात्याने बर्फाचा रेड अलर्ट काढला. १ मार्चला देशाला गॅस कमी पडू शकतो, असा इशारा नॅशनल ग्रिडला द्यावा लागला. ब्रिटिश माध्यमांनी या थंडीला नाव दिलं ‘बीस्ट फ्रॉम द ईस्ट’, म्हणजे पूर्वेकडून आलेलं जनावर. कारण वारा उलटा, थेट सायबेरियाच्या बाजूने येत होता.

आता गंमत बघा. या जनावराची पहिली चाहूल दोन आठवडे आधीच लागली होती, आणि तीसुद्धा थंडीच्या रूपात नाही. १२ फेब्रुवारीच्या आसपास उत्तर ध्रुवाच्या वर, जमिनीपासून साधारण ३० किलोमीटर उंचीवर हवा अचानक प्रचंड तापली होती. वर उष्णता, खाली थंडी, मध्ये दोन आठवड्यांचं अंतर. हे नेमकं जुळतं कसं, ते बघू.

नाव ‘स्थित’, पण स्वभाव वेगळा

भूगोलाच्या पुस्तकातली वातावरणाची ती थरांची आकृती आठवतेय का? खाली तपांबर, त्यावर स्थितांबर, मग बाकीचे. ढग, पाऊस, वादळं हे सगळं तपांबरात. स्थितांबराबद्दल आपण एवढंच पाठ केलं की तिथे ओझोन असतो आणि विमानांना तिथली हवा बरी पडते. दोन मार्क मिळाले, विषय संपला. मुळात त्या थराचं नावच असं की तिथे काही घडत असेल असं वाटत नाही.

पण ध्रुवावर हिवाळ्यात जे होतं ते ‘स्थित’ अजिबात नाही. तिथे कित्येक आठवडे सूर्य उगवत नाही. एरवी ओझोन सूर्यप्रकाश शोषतो आणि हवा ऊबदार ठेवतो. प्रकाशच नाही म्हटल्यावर तिथली हवा गार गार होत उणे ८० अंशांपर्यंत खाली जाते. दक्षिणेकडे, जिथे ऊन आहे, तिथली हवा त्या मानाने बरीच गरम. तापमानात एवढा फरक, शिवाय खाली स्वतःभोवती फिरणारी पृथ्वी. यातून ध्रुवाभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वाऱ्यांचं एक अजस्र कडं तयार होतं. त्यांचा वेग कधी कधी ताशी २०० किलोमीटरच्याही पुढे जातो. यालाच म्हणतात ध्रुवीय भोवरा, पोलर व्होर्टेक्स. मराठीत ‘भोवरा’ हा शब्द पाण्यातल्या भोवऱ्यालाही चालतो आणि दोरीने फिरवायच्या खेळण्यालाही. इथे दोन्ही अर्थ लागू पडतात. हवा भोवऱ्यासारखी गोल फिरते आणि तोल गेला की खेळण्यातल्या भोवऱ्यासारखी डगमगतेही.

हा तोल जातो, हे पहिल्यांदा लक्षात आलं १९५२ साली. बर्लिनमध्ये रिशार्ड शेरहाग नावाचे हवामानशास्त्रज्ञ टेंपलहोफ विमानतळावरून फुगे सोडून वरच्या हवेचं तापमान मोजत होते. महायुद्ध संपून सातच वर्षं झाली होती, शहर चार देशांच्या ताब्यात विभागलेलं. त्या वर्षीच्या जानेवारी-फेब्रुवारीत त्यांच्या फुग्यांनी एक अजब गोष्ट नोंदवली. उंचावरचं तापमान काही दिवसांतच इतकं झपाट्याने चढलं की शेरहाग यांनी आपल्या लेखात त्याला ‘स्फोटासारखी’ तापमानवाढ म्हटलं. सुरुवातीला सूर्यावरच्या उद्रेकाशी याचा संबंध लावून पाहिला गेला. साहजिकच आहे, वर काही तापलं तर माणूस आणखी वरच बघणार! उत्तर मात्र खाली होतं. शेरहाग यांची विद्यार्थिनी कारिन लाबिट्स्के यांनी पुढे आपलं सगळं आयुष्य याच थराच्या अभ्यासाला दिलं. बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीत स्थितांबराचे रोजचे नकाशे कित्येक दशकं चक्क हाताने काढले जात होते.

लाट येते कुठून?

लाट म्हटलं की आपल्याला समुद्र आठवतो. हवेतही लाटा असतात, आणि त्यातल्या सगळ्यात मोठ्या लाटांना रॉसबी लाटा म्हणतात. स्वीडनमध्ये जन्मलेले आणि अमेरिकेत नाव काढलेले कार्ल-गुस्ताफ रॉसबी यांनी १९३९ मध्ये त्यांचं गणित मांडलं. हे रॉसबी १९५६ च्या डिसेंबरमध्ये ‘टाइम’ मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकले होते. हवामानशास्त्रज्ञ कव्हरवर, असे दिवस होते ते.

ही लाट समजून घ्यायला जरा धीर धरा, कारण सगळी मेख इथेच आहे. पृथ्वी फिरते, म्हणून तिच्यावर उभे असलेले आपणही जागच्या जागी गिरकी घेत असतो. ध्रुवावर उभे राहाल तर दिवसात एक पूर्ण गिरकी, विषुववृत्तावर उभे राहाल तर शून्य. मुंबईत मध्येच कुठेतरी. आता हवेचा एक मोठा लोट कशाला तरी धडकून उत्तरेकडे सरकला असं समजा. तो जिथे पोहोचला तिथे पृथ्वीची गिरकी जास्त आहे. पण लोटाच्या एकूण गिरकीचा हिशेब तर जुळलाच पाहिजे. मग तो स्वतः उलट्या दिशेने वळायला लागतो आणि हळूहळू दक्षिणेकडे परततो. परतताना थोडा जास्तच दक्षिणेला जातो, तिथे हिशेब उलटा होतो आणि तो पुन्हा उत्तरेकडे वळतो. असं वर-खाली, वर-खाली करत हवेचा प्रवाह सापासारखा नागमोडी होतो. हीच रॉसबी लाट.

हवेला धडकायला लागतं कोण? हिमालय आणि तिबेटचं पठार, अमेरिकेतले रॉकी पर्वत. शिवाय हिवाळ्यात थंडगार पडलेली जमीन आणि शेजारचा त्या मानाने ऊबदार समुद्र. म्हणजे आर्क्टिकवरच्या त्या भोवऱ्याला धक्के देणाऱ्यांमध्ये आपला हिमालयसुद्धा आहे, हे लक्षात ठेवा. सह्याद्री मात्र या यादीत नाही. त्याचा आकार या कामाला फारच लहान. तोही वाऱ्यात लाटा उठवतो, पण त्या छोट्या आणि वेगळ्या जातीच्या.

‘लहान’ असण्याचा प्रश्न का येतो, ते १९६१ मध्ये जूल चार्नी आणि फिलिप ड्रेझिन यांनी दाखवलं. स्थितांबर म्हणजे एक दरवाजा आहे असं समजा, आणि दारावर कडक वॉचमन. वरचे वारे पश्चिमेकडून वाहत असतील आणि ते फार वेगवान नसतील, तरच लाटेला वर सोडायचं. तेही फक्त सगळ्यात लांब लाटेला. लांब म्हणजे किती? ६० अंश अक्षांशावर पृथ्वीभोवतीची फेरी साधारण २०,००० किलोमीटर भरते. त्या अख्ख्या फेरीत ज्या लाटेला एकच उंचवटा आहे किंवा फार तर दोन, तिलाच एन्ट्री. बाकीच्या लाटा खालीच राहतात. उन्हाळ्यात तर वरचे वारे दिशा बदलून पूर्वेकडून वाहतात, तेव्हा दरवाजा पूर्ण बंद. म्हणून ही भानगड फक्त हिवाळ्यात, फार तर वसंताच्या तोंडावर होते.

जी लाट वर जाते, ती जाता जाता फुगते. आसूड हवेत फिरवला की त्याचं जाड टोक हातात संथ हलतं आणि बारीक टोक सपकन आवाज करतं, बरोबर? ऊर्जा तीच, वजन कमी, म्हणून हालचाल जास्त. हवेचंही तसंच. ३० किलोमीटरवर हवेचा दाब जमिनीवरच्या दाबाच्या शंभराव्या हिश्श्याइतका असतो, त्यामुळे खालून निघालेली लाट तिथे पोहोचेपर्यंत सुमारे दहापट मोठी होऊ शकते. आणि मग, दापोलीच्या किंवा जुहूच्या किनाऱ्यावर लाट फुटते तशी फुटते. केंब्रिजचे मायकेल मॅकिंटायर आणि त्यांचे सहकारी टिम पामर यांनी १९८३ मध्ये ‘नेचर’मध्ये उपग्रहाच्या मोजमापांवरून हे दाखवलं, तेव्हा भोवऱ्याबाहेरच्या त्या पट्ट्याला त्यांनी चक्क ‘सर्फ झोन’ म्हटलं.

फुटलेली लाट भोवऱ्याला ब्रेक लावते. हे गणितात पहिल्यांदा बसवून दाखवलं जपानच्या तारो मात्सुनो यांनी १९७१ मध्ये. (विषुववृत्ताजवळच्या लाटांवरचं त्यांचं १९६६ चं काम मान्सूनच्या अभ्यासकांना आजही लागतं. एकाच माणसाने विषुववृत्तही सोडलं नाही आणि ध्रुवही!) वारा मंदावला की हवेचं कडं ध्रुवाकडे ढासळतं. ध्रुवावर हवा जमा होते आणि खाली दबते. दबली की तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाची नळी बुडाशी गरम लागते ना, तेच. कोरडी हवा एक किलोमीटर खाली आली तर सुमारे १० अंशांनी तापते. इथे ती काही किलोमीटर खाली येते, म्हणून काही दिवसांत ३० ते ५० अंशांची वाढ. सूर्याचा इथे हात नाही, ध्रुवावर अजून अंधारच असतो.

भोवरा मोडण्याच्या दोन तऱ्हा आहेत. लाटेला एक उंचवटा असेल तर भोवरा ध्रुवावरून बाजूला सरकतो. दोन उंचवटे असतील तर तो दोन्ही बाजूंनी दाबला जाऊन मध्ये बारीक होतो आणि तुटून त्याचे दोन भोवरे होतात. २०१८ मध्ये तो तुटला होता. ६० अंशांवरचा सरासरी वारा पश्चिमेचा पूर्वेचा झाला की शास्त्रज्ञ त्याला ‘मोठी’ घटना म्हणतात. सडन स्ट्रॅटोस्फेरिक वॉर्मिंग असं तिचं लांबलचक नाव. उत्तर ध्रुवावर दहा वर्षांत अशा साधारण सहा घटना होतात.

दक्षिणेचं वेगळंच

दक्षिण ध्रुवावर दशकाला किती? मोजमापं सुरू झाल्यापासून आजवर मोठी घटना एकच. कारण नकाशा बघितलात की कळेल: ६० अंश दक्षिणेला सगळीकडे नुसता समुद्र. हिमालय नाही, रॉकीज नाहीत, अँडीज आहे तो अगदी अरुंद. लाटा कमजोर, म्हणून भोवरा घट्ट आणि जास्त थंड. उणे ७८ अंशांखाली तिथे स्थितांबरातसुद्धा ढग तयार होतात. त्या ढगांच्या कणांवर आपण सोडलेल्या रसायनांतला क्लोरिन जागा होतो आणि वसंतात ऊन आलं की ओझोनचा फडशा पाडतो. ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये जगासमोर आणलेलं ओझोनचं ‘भोक’ ते हेच. म्हणजे क्लोरिन जगभर पसरला, पण भोक पडलं ते अशा जागी, जिथे लाटा पोहोचत नव्हत्या!

सप्टेंबर २००२ मध्ये मात्र लाटा पोहोचल्या. भोवरा तुटला आणि त्याच्याबरोबर ओझोनच्या भोकाचेही दोन तुकडे झाले. उपग्रहाचे ते फोटो आजही बघण्यासारखे आहेत. मग सप्टेंबर २०१९ मध्ये पुन्हा जोरदार धक्का बसला. वारा उलटा फिरला नाही म्हणून ही घटना ‘मोठी’ ठरली नाही, पण २० किलोमीटर उंचीवर तापमान सरासरीपेक्षा १६ अंशांनी वर होतं. भोक १९८०च्या दशकाच्या सुरुवातीनंतरचं सगळ्यात लहान. बातम्या आणि फॉरवर्ड्स लगेच सुरू: पृथ्वीची जखम भरली, आपण जिंकलो वगैरे.

इथे मला थोडं तोंड वाईट करावंसं वाटतं. पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, लाटा पुन्हा शांत झाल्या, भोवरा घट्ट राहिला आणि भोक सुमारे २.४८ कोटी चौरस किलोमीटरपर्यंत वाढलं. क्लोरिन एका वर्षात ना संपला होता ना परत आला होता. फरक लाटांचा होता. त्याच २०२० च्या वसंतात उत्तर ध्रुवावर उलटा प्रकार झाला. भोवरा कधी नव्हे इतका मजबूत राहिला आणि आर्क्टिकवर ओझोनची विक्रमी घट नोंदली गेली. १९८७ च्या माँट्रियल कराराने ती रसायनं बंद केली आणि त्याचा उपयोग होतोय, यात शंका नाही. पण अंटार्क्टिकाचा ओझोन १९८० च्या पातळीवर यायला २०६६ च्या आसपासचं साल उजाडेल, असा आंतरराष्ट्रीय अहवालाचा अंदाज आहे. तुमच्यातले बरेच जण तेव्हा साठी ओलांडलेले असतील. एका वर्षाच्या आकड्यावर ‘जिंकलो’ म्हणणारा आणि दुसऱ्या वर्षीच्या आकड्यावर ‘करार फसला’ म्हणणारा, दोघंही लाटांना विसरतात. पैकी दुसरा जास्त धोकादायक.

खाली उतरताना

परत त्या दोन आठवड्यांच्या कोड्याकडे. वर वारा उलटला की वॉचमनचा दरवाजा बंद होतो आणि नव्या लाटा त्याच्या खालीच फुटायला लागतात. मग तिथला वारा मंदावतो, दरवाजा आणखी खाली येतो. असं थराथराने खाली उतरत हा परिणाम तपांबराच्या छताशी पोहोचतो आणि तिथे रेंगाळतो. मार्क बाल्डविन आणि टिमथी डंकर्टन यांनी २००१ मध्ये ‘सायन्स’मध्ये दाखवलं की, वरच्या अशा मोठ्या उलथापालथीनंतर खालच्या हवामानावर पुढचे साठ दिवसांपर्यंत छाप दिसते. त्यांच्या आलेखात लाल रंग वरून खाली असा ओघळलेला दिसतो की अभ्यासक त्याला गमतीने ‘ओघळणारा रंग’ म्हणतात. खालचा पश्चिमी जेट प्रवाह दक्षिणेकडे सरकतो आणि उत्तर युरोपात सायबेरियाची हवा घुसायला वाट मोकळी होते.

याची किंमत व्यवहारात मोठी आहे. रोजचा हवामान अंदाज आठवडा-दहा दिवसांपलीकडे डळमळतो. पण वरचा भोवरा मोडलाय हे कळलं, तर पुढचे चार-सहा आठवडे थंडीची शक्यता वाढलीय एवढं तरी सांगता येतं. गॅस किती साठवायचा, हॉस्पिटलमध्ये किती खाटा तयार ठेवायच्या, बेघरांसाठी निवारे कधी उघडायचे, हे त्यावर ठरू शकतं. २०१८ मध्ये ब्रिटिश हवामान खात्याने असा इशारा आधी दिलाही होता.

पण दरवेळी असं होतंच असं नाही. काही वेळा वर धमाका होतो आणि खाली काहीच उतरत नाही. शिवाय टीव्हीवाले प्रत्येक थंडीला ‘पोलर व्होर्टेक्स’ म्हणतात ते वेगळंच. हा शब्द अमेरिकेत जानेवारी २०१४ च्या थंडीत घराघरात पोहोचला आणि मजा म्हणजे त्या वेळी स्थितांबरातला भोवरा मोडलेलाच नव्हता. ३० जानेवारी २०१९ ला शिकागोत पारा उणे ३० अंशांच्या खाली गेला. त्याआधी वर भोवरा मोडला होता हे खरं, पण त्या दोन्हींचा थेट धागा जोडायला बरेच शास्त्रज्ञ कचरतात. आणि हवामान बदलामुळे अशा घटना वाढतील की कमी होतील, यावर संगणकी मॉडेल्सचं आजही एकमत नाही. त्यामुळे मुंबईत सकाळी पारा १५ वर आला आणि फॅमिली ग्रुपवर काकांनी ‘ध्रुवीय भोवरा भारतात’ असं टाकलं, तर विनम्रपणे सांगा, की काका, उत्तरेत पश्चिमी विक्षोभ येऊन गेला, हिमालयात बर्फ पडला, आणि त्याच्या मागून कोरडे उत्तरी वारे आले. एवढंच.

आपला या विषयाशी खरा संबंध दुसरीकडे आहे. पुण्यात हवामान खात्याच्या उपकरण विभागात अ‍ॅना मणी यांनी काम केलं. १९६० च्या दशकात त्यांच्या नेतृत्वाखाली फुग्याबरोबर वर जाऊन ओझोन मोजणारं भारतीय उपकरण, ओझोनसोंड, तयार झालं. अंटार्क्टिकातल्या मैत्री तळावरूनही आपण ओझोन मोजणारे फुगे सोडले आहेत. आणि शेरहाग सोडायचे तसे फुगे आजही मुंबई, नागपूर, पणजीतून आकाशात जातात. जगभर ठरलेली वेळ एकच, आपल्या घड्याळात पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास. अभ्यास संपवून झोपायला जाताना कधी दिसला, तर हात करा!

फिजिक्स किंवा मॅथ्स घेतलेल्यांनी, आणि कोडिंग येणाऱ्यांनी तर खास, हे करून बघा. युरोपीय केंद्राचा ‘ईआरए फाइव्ह’ नावाचा दशकांचा डेटा फुकट मिळतो. १९५२ मध्ये शेरहाग ज्यासाठी एकेका फुग्याची वाट बघत बसायचे, ते तुम्ही लॅपटॉपवर एका रात्रीत काढू शकता. कोडिंग नको असेल, तर नासाच्या ‘ओझोन वॉच’वर सप्टेंबर २००२ ची चित्रं एकेक दिवस पुढे करत बघा: २० तारखेला एक भोक दिसतं, २५ च्या सुमाराला दोन. नाहीतर ‘अर्थ नलस्कूल’ ही साइट उघडा, उंची १० हेक्टोपास्कल करा, पृथ्वी फिरवून उत्तर ध्रुव वर आणा आणि तारीख फेब्रुवारी २०१८ च्या पहिल्या आठवड्यावर न्या. मग रोज एक दिवस पुढे जा. दहाव्या-अकराव्या तारखेपर्यंत भोवरा लांबट झालेला दिसेल.